काळं न मारलेली टिटवी

ऐक गं, आधी नुसतं ऐक. मधेच 'मग? मग?' करू नकोस, मी सांगतेच आहे. तुला ती भिंगरी माहितीये ना, टी-शर्ट छापणाऱ्यांकडची? काकांचा कारखाना आहे तिच्या. कारखाना म्हणजे काय, एक लांबडी खोली, मधोमध लांबडं टेबल, वर दोऱ्यांवर वाळत घातलेले शर्ट, आणि शाईचा असा वास की नवीन माणूस आधी शिंकतो, मग बोलतो. भिंगरी तिथं शाळेत असल्यापासून पडीक. एका जागी दोन मिनिटं उभी राहील तर शपथ, म्हणून काकांनीच तिचं नाव भिंगरी ठेवलं. तर आपल्या शहराला ही जी फुटबॉलची टीम मिळालीये ना, ज्यावरून सगळे एवढे नाचतायत, ती हिच्यापायी जवळजवळ हातची गेली होती. खरंच! आणि मिळाली तीही... थांब, नीट सांगते, नाहीतर सगळा गोंधळ होईल.

पूर्वी आपला एक क्लब होता. तुला नाही आठवणार, आपण केवढ्याशा होतो. शेवटी शेवटी स्टँडमधे माणसं कमी आणि कबुतरं जास्त, असं होऊन तो बंद पडला. ग्राउंडवर गुडघाभर गवत माजलं आणि तिथं टिटव्यांनी मुक्काम ठोकला. टिटवी म्हणजे एकदम वेडं पाखरू. झाडं आहेत, छपरं आहेत, पण ही अंडी घालणार उघड्या जमिनीवर, तीही बरोबर गोलसमोर. आणि जवळ कुणी फिरकलं की असा कालवा करणार की कान किटतील. मग तिथं खेळायला येणाऱ्यांनी काय केलं माहितीये? तो गोलच सोडून दिला. अर्ध्याच ग्राउंडवर खेळायचे, पण अंड्यांना धक्का नाही. कितीतरी वर्षं हेच चाललं होतं.

यंदा लीगनं ठरवलं, एक टीम वाढवायची. एकच. शहरं रांगेत उभी राहिली, एकेक गळत गेलं आणि शेवटी उरली दोन. एक आपलं आणि दुसरं ते समुद्राकाठचं, पैसेवालं. आपल्या बाजूनं धावत होते सेक्रेटरी. जुन्या क्लबचे गोलकीपर ते. आता पोट सुटलंय, पण अजून दारातून आत येतात ते दोन्ही हात पसरून, जणू कुणी बॉल मारणारच आहे.

एका दुपारी ते तसेच कारखान्यात शिरले. काखेत टॉवेलची गुंडाळी. दार लावून घेतलं, खिडकी लावून घेतली, मग टॉवेल उलगडला. आत नव्या टीमचं चित्र! निळ्यावर नारिंगी टिटवी, एक पाय उचललेली, चोच उघडी, आणि डोळा असा की वाटावं आता आपल्यावरच ओरडणार.

"झेंडे आणि मफलर," सेक्रेटरी कुजबुजले. "निर्णय झाला की त्या मिनिटाला ग्राउंडवर फडकले पाहिजेत. पण लीगची अट आहे. त्यांनी जाहीर करेपर्यंत नाव, रंग, लोगो, काहीही बाहेर दिसता कामा नये. दिसलं तर आपण बाद."

"माझ्याकडून आजवर काही बाहेर फुटलंय?" काका म्हणाले.

"शाळेच्या स्पर्धेचे शर्ट? अख्ख्या गावाला आधीच माहीत होते."

"ते मास्तरांचं तोंड. माझं नाही."

"मग आता तुझं सांभाळ. बायकोलासुद्धा सांगू नकोस."

"तिला सांगून काय उपयोग, ती माझं ऐकते कुठं?"

हसले दोघं, पण काकांनी मनावर घेतलं हं. सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. घर कारखान्याच्या वरच, पण वर ब्र काढायचा नाही, आणि आत्यासमोर तर मुळीच नाही. आत्या म्हणजे काकांची बहीण, भिंगरीची आत्या. तिला सांगितलं म्हणजे भोंगा लावून गावभर फिरवलं, असं काका म्हणतात. आता बघ, इथंच सगळी गोम आहे.

तुला छापण्याचं माहिती नसेल तर सांगते. चांगल्या कापडावर हात मारायच्या आधी जुन्या चादरीच्या तुकड्यावर छापून बघतात. जाळी ठेवायची, शाई ओतायची, रबराच्या पट्टीनं ओढायची. शाई कमी पडली, कुठं फुटली, ते त्या तुकड्यावर कळतं. आणि काम कुणाचं गुपचूप असेल तर मग त्या तुकड्यावर काळं मारायचं. म्हणजे काळ्या शाईनं सरळ वरून पट्टी ओढायची, चित्र गुडूप. ते कापड टेबलाखालच्या पिंपात. पिंप आत्याचं. कापड वाया गेलेलं तिला बघवत नाही. वेळ मिळेल तेव्हा खाली येते, पिंप उपसते, त्याच्या पिशव्या शिवते आणि ओळखीपाळखीच्यांना वाटते. छापलेली बाजू नेहमी आत, बाहेर कोरी. आपल्या घरातसुद्धा असेल बघ एखादी.

तर ट्रायलचा तुकडा ओढायचं काम काकांनी भिंगरीला दिलं. आजवर तिनं ओढलेल्या तुकड्यात काही ना काही राहायचंच. कधी कडा फुटायची, कधी मधेच टक्कल पडायचं. काका काही बोलायचे नाहीत, नुसते 'हूं' करायचे, आणि ते 'हूं' तिला थोबाडीत मारल्यासारखं लागायचं. पण त्या दिवशी तिनं पट्टी ओढली, जाळी उचलली आणि, अगं, टिटवी अशी उतरली होती की बस. पिसांपिसांच्या मधली बारीक रेघसुद्धा. डोळ्यातला तो पांढरा ठिपका, जो काकांच्या हातूनही कधी कधी बुजतो, तो चकाकत होता. काका नेमके फोनवर. बघायला कुणीच नाही. तिच्या एका हातात काळी शाई, समोर ते पाखरू. तुकड्यावर काळं मारायचं, एवढंच काम. नाही मारवलं तिला! काकांना दाखवू, मग मारू, असं म्हणून तिनं तुकडा जरा वाळू दिला, त्याची नीट घडी घातली आणि तो पिंपाच्या तळाशी, बाकीच्या काळ्या चिंध्यांखाली दडवला. तेवढ्यात काका आले, झेंड्यांची छपाई सुरू झाली, आणि पुढचे दिवस श्वास घ्यायला फुरसत नाही. विसरली.

आठवलं कधी, तर लीगच्या बाई यायच्या त्या सकाळी. त्या ग्राउंड बघणार, ऑफिसात बसणार आणि तिथूनच लीगला फोन करून काय ते सांगणार, असं ठरलं होतं. काका झेंड्यांची गाठोडी घेऊन आधीच गेलेले. भिंगरी जाळ्या धुवत होती. निळं पाणी वाहून जाताना बघितलं आणि तिला तो तुकडा आठवला. तशीच ओल्या हातांनी पिंपाकडे. पिंप रिकामं! तळ दिसत होता.

दोन दोन पायऱ्या उड्या मारत वर. आत्या शिवणाच्या मशीनवर बसून दोरा ओवत होती.

"आत्या! पिंपातलं कापड?"

"शिवलं की. सगळं नुसतं काळंकुट्ट होतं, पायपुसणी केली त्याची. एकच तुकडा कामाचा निघाला."

"पाखरूवाला?"

"हो गं! काय गोड पाखरू! कुणी छापलं?"

"मी." इतक्या धावपळीतही तिला बरं वाटलं बघ. "त्याचं काय केलंस?"

"पिशवी."

"छापलेली बाजू आत ना? आत्या, सांग ना, आत ना?"

"आत कशाला? इतकं सुरेख चित्र झाकून ठेवायचं? बाहेर घेतली. शिवली त्याच दिवशी बेकरीवाल्या काकूंना देऊन आले. त्यांची पिशवी फाटली होती बिचाऱ्यांची."

 भिंगरी खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. लीग, टिटवी, अट, सगळं. आत्या ऐकून लालबुंद.

"म्हणजे घरात सगळ्यांना माहीत आणि मला एकटीला नाही? सख्खी बहीण मी त्याची!"

"आत्या, ते नंतर भांड! आधी पिशवी!"

"ऊठ मग. बसलीस काय? स्कूटर काढ."

निघाल्या. भिंगरी पुढं, आत्या मागं, आणि आत्याच्या पायात एक चप्पल हिरवी, एक तपकिरी. रस्ताभर भिंगरीच्या डोक्यात एकच. लहानपणी काकांच्या खांद्यावर बसून तिनं जुन्या क्लबची शेवटची मॅच बघितली होती. खेळ काही आठवत नाही तिला, पण परत येताना काका अख्ख्या वाटेत एक शब्द बोलले नव्हते, तेवढं पक्कं आठवतं. आता टीम गेली तर ते परत तसेच गप्प होणार, आणि या वेळी तिच्यामुळे.

बेकरीला कुलूप. शेजारी तो म्हातारा चांभार बसतो ना, भिंगरीनं त्याला विचारलं, "काकू कुठं गेल्या हो?"

चांभारानं टाका घालायचा थांबवला, तिच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ग्राउंडवर गेल्या. पाहुण्यांसाठी बन सांगितलेत. आणि पिशवीबिशवी मी काही बघितलेली नाही."

भिंगरीनं पिशवीचं नावसुद्धा काढलं नव्हतं! पण तेव्हा तिच्या लक्षातच आलं नाही. तिच्या डोक्यात घुसलं ते एवढंच की पिशवी ग्राउंडवर गेली. म्हणजे जिनं बघायला नको तिच्याच पुढ्यात! स्कूटर अशी पळवली की आत्या मागून ओरडत होती, "टीम राहू दे, मला जिवंत पोचव!"

ऑफिस म्हणजे स्टँडखालची ती खोली. कोपऱ्यात कपाट, त्यात जुने कप, टेबलाभोवती खुर्च्या. सेक्रेटरी बसलेले, काका उभे, बेकरीवाल्या काकू बन काढून बशीत रचतायत. आणि लीगच्या बाई. भिंगरीला वाटलं होतं कुणी कडक इस्त्रीतली बाई असेल. ही तर बारकीशी, पायात खेळाचे बूट, घोट्यापर्यंत चिखल. सगळं ग्राउंड पायी फिरून आलेली.

"गोलजवळ गेले तर एक पक्षी अंगावर धावून आला माझ्या," त्या सांगत होत्या. त्यांना लोगो माहीतच होता, हसू दाबत होत्या. "भलताच आक्रमक."

"आमच्याकडे डिफेन्स पहिल्यापासून मजबूत आहे," सेक्रेटरी म्हणाले.

आणि टेबलावर ती पिशवी! भिंतीकडे तोंड करून ठेवलेली, पण नारिंगी पंखाची एक कड सरळ दिसत होती. भिंगरी दारातच खिळली. आत्या मात्र नाही हं. आत्या तरातरा आत गेली, "काकू, मी मदत करते," म्हणाली, उरलेले बन भसकन बशीत ओतले, पिशवीत हात घालून एका झटक्यात ती उलटी केली आणि मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. आयुष्यभर पिशव्या शिवल्यात तिनं, डोळ्याचं पातं लवायच्या आत पाखरू आत, कोरी बाजू बाहेर. कुणाला काही कळलं नाही. भिंगरी आत येऊन आत्याच्या खुर्चीला खेटून टेबलापाशी उभी राहिली. झालं, वाचलो!

तेवढ्यात बाईंनी फोन हातात घेतला.

"फोन करण्याआधी एकच विचारायचंय," त्या म्हणाल्या. "विचारावं लागतं. तुमचा लोगो कारखान्याच्या बाहेर कुणी पाहिलाय?"

"छे!" सेक्रेटरी म्हणाले. अगदी मनापासून, त्यांना खरंच काही माहीत नव्हतं.

"माझ्या कारखान्यातून? शक्यच नाही," काका म्हणाले. "एकेका तुकड्यावर काळं मारलंय. ही माझी पुतणी, हिनंच मारलंय. विचारा हिला."

सगळे भिंगरीकडे बघायला लागले.

आता बघ, तिनं नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. पिशवी उलटी आहे, आत्याच्या मांडीवर आहे, आत्या टेबलाखालून तिचा पाय असा दाबतेय की बोटं मोडायची बाकी. काका अभिमानानं बघतायत. 'हूं' नाही, काही नाही, नुसते बघतायत. तिला तेच सहन झालं नाही. कुणीतरी आपल्यावर असा विश्वास टाकतंय आणि आपण त्याला खोटं पाडलंय.

"पाहिलाय," ती म्हणाली. "मी काळं मारलं नाही."

 आत्यानं पाय काढून घेतला.

"पहिल्यांदाच चांगला उतरला होता," भिंगरी एका दमात बोलत सुटली, "काकांना दाखवून मारणार होते, विसरले, आणि आत्याला कुणी सांगितलंच नव्हतं, तिनं पिशवी शिवली, तिची काही चूक नाही, काकांची नाही, सेक्रेटरी सरांची तर मुळीच नाही, माझी आहे."

सेक्रेटरींनी दोन्ही हात पसरले ते तसेच पसरलेले राहिले. काकांनी खुर्ची धरली.

"दाखवा," बाई म्हणाल्या.

आत्यानं पिशवी सुलटी केली. टिटवी टेबलावर उभी, चोच उघडी. बाईंनी बराच वेळ बघितलं.

"किती जणांनी पाहिलं असेल?"

"अख्ख्या गल्लीनं," बेकरीवाल्या काकू मधेच बोलल्या.

"काकू!" सेक्रेटरी विव्हळले.

"खोटं कशाला बोलू? आत्या पिशवी देऊन गेल्या, मी दारात लटकवली. शेजारच्या चांभारबाबांनी बघितली आणि उठून उभेच राहिले. म्हणाले, ही आपली गोलसमोरची टिटवी. म्हणजे टीम येतेय. आणि जाहीर व्हायच्या आधी आपल्याला हे कळायला नको होतं. मग त्यांनीच सगळ्यांना बजावलं, कुणी काही बघितलेलं नाही. बाई, आमची गल्ली दोन मिनिटं गप्प बसत नाही हो. पण तेव्हापासून माझ्याकडे कुणी बन घ्यायला आलं की आधी म्हणतं, मी काही बघितलं नाही, आणि मग म्हणतं, चार द्या."

तेव्हा कुठं भिंगरीला चांभाराचं बोलणं उमगलं.

"मग तीच पिशवी इथं कशाला आणलीत?" काका न राहवून म्हणाले.

"मग बन काय ओंजळीतून आणू? दुसरी फाटकी आहे. पाहुण्यांसमोर बरं दिसतं का? म्हणून तर भिंतीकडे तोंड करून ठेवली!"

 बाई फोन घेऊन बाहेर पायऱ्यांवर गेल्या, दार ओढून घेतलं. आत कुणी कुणाकडे बघेना. सेक्रेटरी बशीतला एक बन उचलत होते, परत ठेवत होते, परत तोच उचलत होते. काका खिडकीकडे पाठ करून उभे, आणि अगदी तसेच गप्प, त्या शेवटच्या मॅचनंतरसारखे. भिंगरीला वाटत होतं जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं, स्कूटरसकट.

दार उघडलं. बाई आत आल्या, बॅगेतून एक टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. त्यावर एक मासा, भारी चकचकीत.

"दुसऱ्या शहराचा लोगो," त्या म्हणाल्या. "तिथंही मी हाच प्रश्न विचारला होता. मोठ्या टेबलाभोवती एवढी माणसं, सगळी एका सुरात म्हणाली, कुणीही पाहिलेला नाही. आणि मी उतरले होते त्या हॉटेलच्या काउंटरवर या टोप्या विकायला होत्या. मी तिथूनच विकत घेतली." टोपी त्यांनी परत बॅगेत टाकली. "अट आहे ती तुम्ही मिरवू नये म्हणून. गल्लीनं ओळखू नये, असं काही अटीत नाही. तसं मी फोनवर सांगितलं, आणि पिशवीचंही सांगितलं. ते मान्य झालंय. टीम तुमची. जाहीर होईपर्यंत मात्र..."

"पिशवी उलटीच राहील," आत्या म्हणाली आणि लगेच उलटी केलीसुद्धा.

अगं, मग काय विचारतेस! सेक्रेटरींनी पसरलेले हात अखेर मिटले, ते थेट बाईंभोवती, आणि एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडला. बाईंच्या बुटांचा चिखल त्यांच्या पँटला. बेकरीवाल्या काकूंनी सगळ्यांच्या हातात बन कोंबले. आत्या काकांच्या पाठीत धपाटे घालत होती, "मला सांगितलं नाहीस ना? मला!" आणि प्रत्येक धपाट्याला काका नुसते हसत होते. भिंगरीचा जीव असा भांड्यात पडला की तिला आधी बसावंच लागलं. ती पोरगी, जी कधी बसत नाही!

पण काका तिच्याशी बोलले नाहीत. लीगनं जाहीर केलं, झेंडे फडकले, गर्दी झाली, चांभारबाबा ग्राउंडवर येऊन 'मला काय माहीत, मला काय माहीत' करत नाचले, तरी नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिनं स्वतःच ती पिशवी आणून टेबलावर ठेवली, काळी शाई काढली, पट्टी घेतली.

"मारू?"

काकांनी चष्मा घातला. पिशवी उजेडाकडे धरली. पिसांवरून बोट फिरवलं, डोळ्यापाशी थांबलं.

"हूं," ते म्हणाले. मग म्हणाले, "डोळा चांगला उतरलाय," आणि शाईच्या डब्याचं झाकण लावून टाकलं.

आता ती पिशवी बेकरीच्या दारात लटकतेय, सुलटी, जा आणि बघून ये. पण मला दुसरंच सतावतंय गं. त्या खोलीत, पिशवी आत्याच्या मांडीवर उलटी, कुणाला पत्ता नाही, काका असे बघतायत, आणि नुसती मान हलवली की सुटलीस. टोपीचं तर तिला काहीच माहीत नव्हतं! खरं सांग, तू काय केलं असतंस?